मोठ्या फाइलीत आपली जागा कशी राखायची? (स्क्रीन रीडरवर वाचणाऱ्यांसाठी)

अल्पविराम (धागाकर्ता)

तीनशे पानांचा अहवाल वाचताना मधेच उठावं लागलं, की परत आल्यावर आधी "कुठवर आलो होतो" याचा शोध सुरू होतो. डोळ्यांनी वाचणारा पान चाळून जागा हेरतो. कानांनी, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरने, वाचणाऱ्याला ओळीमागून ओळ ऐकत जावं लागतं. यावरचे उपाय जिकडेतिकडे विखुरलेले आहेत, ते इथे एकत्र करू या. मी विंडोज आणि त्यावरच्या एनव्हीडीए या स्क्रीन रीडरपासून सुरुवात करतो. जॉज (विंडोजवरचा दुसरा स्क्रीन रीडर), मॅक, फोन, ब्रेल यांची माहिती जाणकारांनी घालावी.

आधी जागा हरवते का, ते बघू. स्क्रीन रीडर चालू असताना कर्सर एकच नसतो.

सिस्टिम कॅरेट म्हणजे टाइप केल्यावर अक्षर जिथे उमटतं ती जागा. ब्राउझ मोडमधला (वेबपान, पीडीएफ नुसतं वाचण्याच्या पद्धतीतला) व्हर्च्युअल कर्सर वेबपान किंवा पीडीएफच्या स्क्रीन रीडरने स्वतःसाठी केलेल्या प्रतीत फिरतो. रिव्ह्यू कर्सर म्हणजे नंबरपॅडवरच्या ७, ८, ९ ने ओळी तपासताना हलतो तो, आणि तो हलला म्हणून कॅरेट हलत नाही. याशिवाय पडद्यावर कोणता भाग दिसतोय, हे प्रोग्रॅम वेगळंच धरून असतो.

बहुतेक प्रोग्रॅम फाइल बंद होताना कॅरेटची जागा किंवा दिसणारं पान लक्षात ठेवतात. तुमचा कान मात्र व्हर्च्युअल किंवा रिव्ह्यू कर्सरवर असतो. कान एकीकडे आणि प्रोग्रॅमची नोंद दुसरीकडे, यातूनच घोळ होतो. म्हणून कुठलीही खूण करण्याआधी आपण कोणत्या कर्सरने वाचतोय, हे ठाऊक हवं.

वर्डमध्ये हे तपासणं सोपं आहे. नंबरपॅडने चार-पाच ओळी पुढे वाचा आणि मग साधा खाली-बाण दाबा. आवाज जुन्या जागी उडी मारून गेला, तर तुम्ही रिव्ह्यू कर्सरवर होता. कॅरेटला तिथे ओढून आणायला एनव्हीडीए-की (एनव्हीडीएच्या आज्ञांसाठीची कळ, मुळात इन्सर्ट) + शिफ्ट + नंबरपॅड वजा दोनदा झटपट दाबायचं. लॅपटॉप मांडणीत एनव्हीडीए-की + शिफ्ट + बॅकस्पेस, दोनदा. एकदाच दाबलं तर फक्त फोकस (कीबोर्ड ज्या घटकावर काम करतो ती जागा) हलतो, कॅरेट तिथेच राहतो.

उलट बाजूही तपासा. कॅरेट हलवला तरी रिव्ह्यू कर्सर मागेच राहत असेल, तर एनव्हीडीए-की + ६ चुकून दाबलं गेलंय. पुन्हा दाबलं की दोघे परत जोडले जातात.

आणखी एक. सलग वाचन कंट्रोलने थांबवलं, की कर्सर त्या क्षणी बोलल्या जाणाऱ्या ओळीच्या किंवा वाक्याच्या सुरुवातीला येतो, नेमक्या शब्दावर नाही. परत सुरू केल्यावर चार शब्द दुसऱ्यांदा ऐकू येतात ते यामुळेच, त्यात बिघाड काही नाही. शिफ्टने मात्र बोलणं नुसतं थबकतं आणि पुन्हा शिफ्ट दाबल्यावर पुढे चालू होतं. कोणी हाक मारली तर शिफ्ट, उठून जायचं असेल तर कंट्रोल.

---

तळटीप

छान धागा. वर्डचं मी लिहिते.

शिफ्ट + एफ५ ही वर्डची जुनी सोय आहे. शेवटचा बदल जिथे केला तिथे ती नेते, पुन्हा दाबलं तर त्याआधीच्या बदलांच्या जागी. फाइल उघडल्याबरोबर, दुसरं काही न करता दाबलं तर मागच्या वेळच्या जागी पोचवते. "पुन्हा इथून वाचा" अशा अर्थाचा जो फुगा उघडल्यावर बाजूला येतो, त्याच्या मागे लागू नका. तो लगेच विरतो आणि कीबोर्डने गाठायला कटकटीचा आहे.

गोम अशी, की ही सोय बदलाची जागा धरते, वाचनाची नव्हे. नुसतं वाचून फाइल बंद केली तर तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून थांबायच्या जागी एक स्पेस द्या, ती खोडा, कंट्रोल + एस करा आणि मग बंद करा.

यापेक्षा पक्की सोय म्हणजे बुकमार्क. कंट्रोल + शिफ्ट + एफ५ ने बुकमार्कची चौकट उघडते, नाव लिहून एंटर दाबायचं. नाव अक्षरानेच सुरू व्हायला हवं, मधे स्पेस चालत नाही, लांबी जास्तीत जास्त ४० अक्षरं. प्रत्येक वेळी नवं नाव देऊ नका, नाहीतर महिन्याभरात यादीच वाचत बसावी लागेल. एकच नाव ठरवा, समजा रोमन लिपीत "इथे", आणि दर वेळी तेच द्या. वर्ड जुनी खूण आपोआप नव्या जागी हलवतो. परत यायला तीच चौकट, यादीत ते नाव आणि ऑल्ट + जी. पोचल्यावर एस्केपने चौकट बंद करायला विसरू नका, ती आपसूक जात नाही.

---

नवोदित_वाचक

लॅपटॉपवर शिफ्ट + एफ५ दाबलं की कर्सर हलण्याऐवजी पडद्याचा उजेड कमी-जास्त होतो. आणि मेलमधून आलेल्या फाइलीत बुकमार्क घालताच येत नाही. असं का?

---

तळटीप

@नवोदित_वाचक, पहिल्याचं कारण फंक्शन-की. बऱ्याच लॅपटॉपांत वरच्या रांगेला आवाज-उजेडाची कामं दिलेली असतात. एफएन धरून दाबा. अनेक कीबोर्डांवर एफएन + एस्केपने ही रांग कायमची बदलता येते.

दुसऱ्याचं कारण "प्रोटेक्टेड व्ह्यू". मेलमधून किंवा इंटरनेटवरून आलेली फाइल वर्ड फक्त वाचण्यापुरती उघडतो. फाइल विश्वासाची असेल तर "एनेबल एडिटिंग" करा आणि आपल्या फोल्डरात सेव्ह करून तीच प्रत वाचा. मेलमधूनच पुन्हा पुन्हा उघडलीत, तर दर वेळी तात्पुरती नवी प्रत उघडते आणि आधीची खूण तिच्यात नसते. खूण गेल्याच्या तक्रारीत सगळ्यात आधी हेच तपासावं.

---

समास

पीडीएफबद्दल. गोंधळ सर्वांत जास्त इथेच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल + के ने प्रेफरन्सेस उघडा. डावीकडच्या यादीत "डॉक्युमेंट्स" गाठा आणि "रिस्टोअर लास्ट व्ह्यू सेटिंग्ज व्हेन रीओपनिंग डॉक्युमेंट्स" या चौकटीत खूण करा. आता फाइल शेवटच्या पानावर उघडेल. फक्त पानावर. त्या पानातली ओळ आपल्यालाच शोधावी लागते.

त्याच प्रेफरन्सेसमध्ये "रीडिंग" नावाचा विभाग आहे. स्क्रीन रीडरला पूर्ण दस्तऐवज द्यायचा, फक्त दिसणारी पानं द्यायची, की मोठ्या फाइलीपुरती दिसणारी पानं द्यायची, हे तिथे ठरतं. "मोठी" म्हणजे किती पानांची तो आकडाही तिथेच असतो, मुळात ५०. याचा परिणाम नीट समजून घ्या:

पूर्ण दस्तऐवज दिला तर शोध आणि शीर्षकांच्या उड्या फाइलभर चालतात, पण मोठी फाइल तयार व्हायला वेळ लागतो. त्या वेळात बाण दाबत राहिलात तर कर्सर भलतीकडे जातो. आवाज येईपर्यंत हात आवरा.

फक्त दिसणारी पानं दिली तर फाइल झटकन उघडते, पण एनव्हीडीएचा शोध तेवढ्याच पानांत फिरतो. "वाक्य फाइलीत आहे, तरी सापडत नाही" याचं कारण बहुतेकदा हेच. शिवाय कंट्रोल + होम दाबल्यावर त्या पानाची सुरुवात मिळते, फाइलीची नाही.

माझं मत विचाराल, तर दोन-तीनशे पानांपर्यंत पूर्ण दस्तऐवज ठेवावा. त्यापलीकडे दिसणारी पानं ठेवून पान क्रमांकाने चालावं. कंट्रोल + शिफ्ट + एन, क्रमांक, एंटर.

इथे क्रमांकाचा फास आहे. पुस्तकावर छापलेलं पान ३७ हे फाइलीचं ४९वं पान असू शकतं, कारण मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिकाही फाइलीच्या मोजणीत येतात. "पेज डिस्प्ले" विभागातल्या "यूज लॉजिकल पेज नंबर्स" या पर्यायाने छापील क्रमांक वापरता येतात, पण फाइल बनवणाऱ्याने ते भरलेले असतील तरच. नोंद करताना "छापील ३७, फाइल ४९" असे दोन्ही लिहा.

ब्राउझरमध्ये पीडीएफ वाचत असाल तर पत्त्याच्या पट्टीत अगदी शेवटी हॅशचं चिन्ह, मग इंग्रजीत "पेज" हा शब्द, बरोबरचं चिन्ह आणि पान क्रमांक लिहा, मधे कुठेही जागा न सोडता. क्रोम, एज, फायरफॉक्स तिन्ही त्या पानावर उघडतात. असा पत्ता आवडीच्या यादीत टाकला की खूण झाली.

आणि स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर आधी ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून घेणं) करून मजकुराची फाइल बनवा. एनव्हीडीए-की + आर ने पडद्यावरचा भाग तात्पुरता वाचता येतो, पण तो निकाल एस्केप दाबताच नाहीसा होतो, त्यातली जागाही त्याच्याबरोबर जाते. एका पानाच्या पत्राला ते पुरतं, पुस्तकाला नाही.

---

ओळखूण

वरचं सगळं बरोबर आहे, पण प्रत्येक प्रोग्रॅमची वेगळी तऱ्हा पाठ करण्यापेक्षा एक रीत सगळीकडे चालते: मजकुरातच खूण टाकायची. थांबायच्या जागी तीन टक्केचिन्हं (%%%) टाइप करा आणि सेव्ह करा. दुसऱ्या दिवशी कंट्रोल + एफ, तीन टक्केचिन्हं, एंटर. वर्ड, नोटपॅड, मेलचा मसुदा, कुठेही चालतं.

---

तळटीप

@ओळखूण, स्वतःच्या टिपणांपुरतं ठीक. दुसऱ्याला परत पाठवायच्या फाइलीत मात्र असं करू नये. खूण काढायची राहून जाते आणि तशीच पुढे जाते. वर्डची बदल नोंदवण्याची सोय (ट्रॅक चेंजेस) चालू असेल तर ती प्रत्येक वाचणाऱ्याला "समाविष्ट केलेला मजकूर" म्हणून दिसत राहते. पीडीएफ आणि वेबपानावर तर टाइप करणंच शक्य नाही.

---

ओळखूण

मान्य. सामायिक फाइलीत बुकमार्कच बरा. किंवा खुणेऐवजी टिप्पणी, कंट्रोल + ऑल्ट + एम.

जिथे काहीच घालता येत नाही तिथे बाहेरची नोंद. एक साधी टेक्स्ट फाइल, प्रत्येक दस्तऐवजाला एक ओळ: फाइलीचं नाव, पान, जवळचं शीर्षक आणि थांबलेल्या वाक्यातले सलग चार-पाच शब्द. शब्द हाताने टाइप करू नका, निवडून कंट्रोल + सी करा. परत येताना शोधाच्या चौकटीत कंट्रोल + व्ही.

हाताने टाइप का नाही, तर देवनागरीत दिसायला आणि ऐकायला सारखा शब्द आतून वेगळा असू शकतो. "ॲप" मधला ॲ एका कीबोर्डवर एकच अक्षर असतो, दुसऱ्यावर अ आणि वरचा चंद्र असा जोडून तयार होतो. जोडाक्षरांत न दिसणारे जोडक असतात, "र्‍या" आणि "ऱ्या" हे नेहमीचं उदाहरण. शोध नेमका त्यावर अडखळतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टातल्या पीडीएफ तर आतून निराळ्याच अक्षरांच्या असतात. तिथे नक्कल केलेले शब्द वाचून अर्थ लागणार नाही, पण शोध त्यांनाच शोधेल.

शब्द निवडताना एकाच ओळीतले घ्या. पीडीएफमध्ये ओळ तुटते तिथे शब्दही तुटलेला असू शकतो. तळटीपेचा आकडा मधे येणारे, किंवा दर पानाच्या माथ्यावर पुन्हा येणारे शब्द टाळा.

---

अल्पविराम

ही रीत सर्वांत भरवशाची, सहमत. ब्राउझ मोडमध्ये शोध एनव्हीडीए-की + कंट्रोल + एफ, पुढचा एनव्हीडीए-की + एफ३, मागचा त्यालाच शिफ्ट जोडून. शोध कर्सरपासून पुढे जातो, म्हणून आधी कंट्रोल + होम.

"आत्ता कोणत्या प्रकरणात आहे" हे बघायला अनेकजण शिफ्ट + एच ने मागच्या शीर्षकावर जातात आणि तिथेच जागा हरवते. त्याऐवजी एनव्हीडीए-की + एफ७ दाबा आणि शीर्षकांचा पर्याय निवडा. यादी उघडते तेव्हा तुमच्या लगतचं शीर्षक आधीच निवडलेलं असतं. ते ऐका आणि एस्केप दाबा. कर्सर होता तिथेच राहतो.

थोड्या वेळासाठी दुसरीकडे डोकवायचं असेल, समजा तक्ता बघून परत यायचंय, तर एनव्हीडीए-की + एफ९ ने जागा नोंदवा. मुळात ती नक्कल करायच्या मजकुराची सुरुवात ठरवणारी कळ आहे, पण परतीची खूण म्हणूनही कामी येते. एनव्हीडीए-की + शिफ्ट + एफ९ ने रिव्ह्यू कर्सर तिथे परत येतो. फक्त रिव्ह्यू कर्सर, हे ध्यानात असू द्या. पुढे बाणांनी वाचायचं तर धाग्याच्या सुरुवातीला दिलेल्या कळांनी कॅरेट ओढून आणा.

---

के_की

जॉजमध्ये यासाठी "प्लेसमार्कर" आहेत. वेबपानावर कंट्रोल + विंडोज + के ने तात्पुरती खूण होते, के दाबलं की पुढच्या खुणेवर, शिफ्ट + के ने मागच्या. कायमची, नाव दिलेली खूण हवी असेल तर कंट्रोल + शिफ्ट + के, त्या चौकटीत "अ‍ॅड". वर्डसारख्या ठिकाणी के दाबलं तर अक्षरच उमटेल, तिथे खुणेवर परतायला ऑल्ट + विंडोज + के.

एनव्हीडीएमध्ये नुसतं के म्हणजे पुढची लिंक. दोन्ही स्क्रीन रीडर आलटून पालटून वापरणाऱ्यांची इथे हटकून फसगत होते. एनव्हीडीएला कायमच्या खुणा हव्या असतील तर "प्लेस मार्कर्स" नावाचं अ‍ॅड-ऑन आहे. त्याच्या कळा दुसऱ्या आज्ञांशी भिडत असतील तर "इनपुट जेश्चर्स" मध्ये जाऊन बदलून घ्या.

वेबपानांसाठी आणखी एक: एनव्हीडीएच्या ब्राउझ मोड सेटिंगमधलं "पान उघडताच आपोआप सलग वाचन" बंद करा. नाहीतर पान ताजं झालं की वाचन माथ्यापासून सुरू होतं. सतत स्वतःला ताजं करणाऱ्या पानांवर लांब लेख वाचायचाच असेल तर फायरफॉक्सचं वाचन-दृश्य वापरा, विंडोजवर एफ९. जाहिराती आणि हलते भाग गळून पडतात, त्यामुळे कर्सरखालचा मजकूर सरकत नाही.

---

मधलीओळ

गूगल डॉक्स राहिलं. ते नेहमी फाइलीच्या माथ्यावरच उघडतं. स्क्रीन रीडरचा आधार कंट्रोल + ऑल्ट + झेड ने चालू करा आणि फोकस मोडमध्ये (कळा थेट प्रोग्रॅमकडे जातात त्या पद्धतीत) राहा. ब्राउझ मोडमध्ये बाण दाबलेत तर दस्तऐवजाऐवजी भोवतालची बटणंच ऐकू येतील. शीर्षकावरून शीर्षकावर जायला कंट्रोल + ऑल्ट धरून ठेवा, आधी एन आणि मग एच दाबा. इन्सर्ट मेनूत बुकमार्क आहे, पण सगळ्यांच्या फाइलीत आपली खूण नको असेल तर बाहेरची नोंदच करा.

इपब या ई-पुस्तकांच्या फाइलीत पान ही स्थिर गोष्ट नाही, अक्षराचा आकार बदलला की पानं बदलतात. प्रकाशकाने छापील पानांची यादी आत घातली असेल तरच पान क्रमांकाला अर्थ. नोंद प्रकरण आणि शब्द अशी करा. थोरियम रीडर मोफत आहे, शेवटची जागा लक्षात ठेवतो, कंट्रोल + बी ने खूण होते. तरी अल्पविराम यांनी लिहिलेला घोळ इपब वाचणाऱ्या अ‍ॅप्समध्येही होऊ शकतो: अ‍ॅप पडद्यावर दिसणारं पान नोंदवतं आणि व्हर्च्युअल कर्सर त्याच्या पुढे गेलेला असतो. पानांऐवजी सलग सरकणारी मांडणी ठेवली तर ही तफावत कमी होते.

डेझी (दृष्टिहीनांसाठीच्या पुस्तकांचा खास प्रकार) पुस्तकांना हा त्रास सर्वांत कमी. विभाग, पान, वाक्य यांच्या पातळ्या त्यात मुळातूनच असतात. एकच पुस्तक डेझी आणि पीडीएफ दोन्हीत मिळत असेल तर डोळे झाकून डेझी घ्या.

---

नवोदित_वाचक

आयफोनवर वाचताना अचानक पहिल्या ओळीपासून वाचन सुरू होतं. हा दोष अ‍ॅपचा की व्हॉइसओव्हरचा (आयफोनच्या स्क्रीन रीडरचा)?

---

मधलीओळ

बहुतेक बोटांचा. दोन बोटं खाली ओढली तर आहे तिथून वाचन, दोन बोटं वर ओढली तर माथ्यापासून. चार बोटांनी पडद्याच्या वरच्या भागात टेकलं तरी पहिल्या घटकावर जातं, फोन हातात सावरताना हे सहज होतं. थांबवायला आणि पुढे चालू करायला दोन बोटांनी एकदा टेका, ओढू नका.

मॅकवर "हॉटस्पॉट" आहेत. व्हीओ (व्हॉइसओव्हरच्या आज्ञांच्या कळा, मुळात कंट्रोल + ऑप्शन) + शिफ्ट + अंक ने खूण, व्हीओ + तोच अंक ने परत. ० ते ९, म्हणजे दहा खुणा.

---

सहाटिंबे

ब्रेल डिस्प्ले (मजकूर बोटांनी वाचायला टिंब वर उचलणारं उपकरण) असेल तर शब्दापर्यंत नेमकी जागा धरता येते. प्रत्येक ब्रेल खान्यावर कर्सर राउटिंगचं बटण असतं. थांबताना ज्या शब्दावर बोट आहे त्याच्यावरचं बटण दाबा, कॅरेट त्या अक्षरावर येतो. हे न करता नुसतं पुढे सरकवत वाचलं, तर कॅरेट ओळीत मागेच राहिलेला असू शकतो.

एनव्हीडीए-की + कंट्रोल + टी ने ब्रेल कोणाच्या मागे चालावं ते ठरतं: आपोआप, फोकस की रिव्ह्यू. "रिव्ह्यू" वर असेल तर तुम्ही दहा पानं बोटांनी वाचलीत तरी वर्डला त्याचा पत्ता नसतो, आणि शिफ्ट + एफ५ ला पण. लांब वाचनाआधी ते दाबून काय बोलतंय ते ऐकून घ्या.

---

समास

एक प्रश्न उरला. दोघेतिघे एकाच फाइलीवर काम करत असतील आणि मधल्या काळात कोणी मजकूर वरखाली केला तर?

---

ओळखूण

पान क्रमांक आणि ओळ क्रमांक लगेच निरुपयोगी होतात. वर्डचा बुकमार्क मजकुराला चिकटलेला असतो, त्याच्या वर दहा पानं वाढली तरी तो आपल्या शब्दांबरोबर खाली सरकतो. ते शब्दच कोणी खोडले तर मात्र बुकमार्कही जातो. म्हणून बाहेरच्या नोंदीत दोन जागचे शब्द लिहा: थांबलेल्या वाक्यातले आणि त्याआधीच्या परिच्छेदाच्या सुरुवातीचे. पहिले सापडले नाहीत तर दुसरे शोधा आणि कंट्रोल + खाली-बाणाने एक परिच्छेद पुढे या.